शंभराचें पेट्रोल

श्रोतेहो, आमच्या गंगाखेडांतील एखाद्या पेट्रोलपंपावर तुम्ही सकाळीं आठाच्या सुमारास घटकाभर उभे राहिलां, तर एक गोष्ट तुमच्या ध्यानांत आल्यावांचून राहणार नाहीं. तेथें येणारा मनुष्य ‘दोन लिटर द्या’ असें क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, ‘शंभराचें टाका’, ‘पन्नासाचें टाका’. आणि फारच ओढाताणींत असला तर ‘तिसाचें टाका’. दूध आपण लिटरनें घेतों, साखर किलोनें घेतों, कापड मीटरनें घेतों. पेट्रोल मात्र आपण रुपयांनीं घेतों. येथें माप वस्तूचें नसून आपल्या खिशाचें असतें.

ही संवय वरवर पाहतां निरुपद्रवी दिसते. परंतु जो नेहमीं शंभराचेंच पेट्रोल घेतो, त्याला भाव वाढलेला पंपावर कळतच नाहीं. त्याचे शंभर पूर्वींही शंभरच होते आणि आजही शंभरच आहेत. त्याला कळतें तें एवढेंच, कीं सोमवारीं भरलेली गाडी पूर्वीं शुक्रवारपर्यंत चालत असे, ती आतां बुधवारींच मान टाकूं लागली आहे. दरवाढ त्याला पंपावर भेटत नाहीं. ती त्याला रस्त्यांत भेटते.

या रस्त्यांत भेटणाऱ्या दरवाढीविषयीं मी आज दोन शब्द बोलणार आहें. तेलाचे भाव कां वाढतात याची चर्चा जाणते लोक करीतच असतात. भाव वाढले म्हणजे आपल्या जाण्यायेण्यांत, आपल्या संवयींत आणि एकमेकांकडे पाहण्याच्या दृष्टींत काय फरक पडतो, एवढाच माझा विषय आहे.

परंतु आधीं थोडी हकीकत सांगितली पाहिजे. पेट्रोलच्या भावावरील सरकारी नियंत्रण २०१० च्या जूनमध्यें उठलें, आणि डिझेलवरील २०१४ च्या ऑक्टोबरमध्यें. १६ जून २०१७ पासून तर देशभर रोज सकाळीं नवा भाव लागूं होऊं लागला. कोथिंबिरीचा भाव रोज बदलतो हें आपणांस ठाऊक होतें; आतां पेट्रोलही तिच्या शेजारीं मंडईंत येऊन बसलें.

२०२० सालच्या एप्रिलमध्यें साथीमुळें सारें जग घरांत बसलें आणि तेलाला गिऱ्हाईक उरलें नाहीं. त्या महिन्याच्या २० तारखेस अमेरिकेंतील वायदेबाजारांत तेलाचा भाव शून्याच्याही खालीं गेला. पण ती स्वस्ताई आपल्या दाराशीं पोंचली नाहीं. मे महिन्याच्या आरंभीं केंद्र सरकारनें पेट्रोलवरील कर लिटरमागें १० रुपयांनीं आणि डिझेलवरील १३ रुपयांनीं वाढविला. पुढें जग पुन्हा चालूं लागलें, तेल महागलें, आणि तो वाढलेला कर बराच काळ होता तेथेंच राहिला. २०२१ च्या उन्हाळ्यांत परभणी शहरानें लिटरला शंभर रुपयांचा टप्पा मुंबईच्याही आधीं ओलांडला. मुंबईवर ती पाळी २९ मे रोजीं आली.

इतर बाबतींत आमचा जिल्हा मागासलेला म्हणून ओळखला जातो. पेट्रोलच्या भावांत मात्र तो महाराष्ट्रांत वारंवार अग्रभागीं असतो. याचें एक कारण साधें आहे. जिल्ह्यांत येणारें इंधन मुख्यतः मनमाडजवळच्या पानेवाडी येथील साठ्यांतून टँकरनें येतें आणि तें अंतर सुमारें तीनशें किलोमीटर आहे. म्हणजे आमच्या गाडीला जें तेल लागतें, त्या तेलालाच येथवर येण्यासाठीं तेल लागतें. जो दूर राहतो त्याला दूर राहण्याचा दंड अशा रीतीनें दोनदां भरावा लागतो.

२०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर चाल केली आणि जगाच्या बाजारांत तेल भडकलें. आपल्याकडे कांहीं महिने स्थिर राहिलेला भाव २२ मार्चपासून हलूं लागला आणि ६ एप्रिलपर्यंतच्या सोळा दिवसांत चौदा वेळां वाढला. त्या एप्रिलमध्यें परभणींत पेट्रोल लिटरला १२३ रुपयांवर गेलें. नंतर मे महिन्यांत केंद्रानें आणि जुलैमध्यें राज्यानें कर कमी केला, तेव्हां भाव उतरला. पण पुन्हा शंभराच्या आंत मात्र तो आला नाहीं. तात्पर्य, शंभराची नोट जी पूर्वीं एका लिटराहून मोठी होती, ती २०२१ च्या उन्हाळ्यापासून एका लिटराहून लहान झाली.

आतां हा हिशेब एका फेरीला लावून पाहूं. गंगाखेडहून परभणी सुमारें चाळीस किलोमीटर. जाऊन येऊन ऐंशी. साधी दुचाकी लिटरला पन्नास किलोमीटर चालते असें धरलें, तर एका फेरीस एक लिटर आणि सहा दशांश पेट्रोल लागतें. भाव ऐंशी रुपये असतांना ही फेरी १२८ रुपयांत होत असे. भाव १२३ झाला तेव्हां तिला १९७ रुपये पडूं लागले. त्या वर्षीं रोजगार हमीच्या कामावर महाराष्ट्रांत दिवसाची मजुरी २५६ रुपये होती. म्हणजे कचेरींतल्या एका दाखल्यासाठीं दुचाकीवरून परभणीस जाणाऱ्या मजुरानें तो दिवस तर बुडविलाच, शिवाय दुसऱ्या दिवसाची तीन चतुर्थांश मजुरीही पंपावर ठेविली. आणि साहेब जागेवर नसले, तर हा सारा हिशेब दुसऱ्यांदा मांडावयाचा!

अशा स्थितींत मनुष्य काय करतो? तो गाडी विकीत नाहीं. आमच्याकडे ‘गाडी’ म्हणजे दुचाकी. ती कोणाला लग्नांत मिळालेली असते, कोणी ती कापसाच्या पैशांतून घेतलेली असते, आणि पुष्कळांची अजून हप्त्यांवर असते. ती अंगणांत उभी असणें हीच एक प्रतिष्ठा आहे. म्हणून गाडी राहते. बदलते ती फेरी. पूर्वीं मनांत आलें कीं किक मारावी, हा प्रघात होता. आतां प्रत्येक फेरीला कारण दाखवावें लागतें, आणि तें दुसऱ्या कोणाला नव्हे, तर स्वतःलाच.

पहिला बदल असा, कीं कामें सांठविलीं जाऊं लागलीं. बँकेचें काम, औषध, पंपाच्या मोटारीचा सुटा भाग, मुलाच्या वह्या, हीं चार कामें पूर्वीं चार दिवशीं होत. आतां तीं कागदाच्या एका चिटोऱ्यावर लिहून आठवडी बाजाराच्या दिवशीं एका फेरींत उरकलीं जातात. आमच्या आजोबांच्या काळीं बैलगाडी जुंपावयाची तर असाच विचार होत असे. मधल्या तीस चाळीस वर्षांत आपण जो हिशेब विसरलों होतों, तो भावानें पुन्हा शिकविला. हें कांहीं वाईट झालें असें मी म्हणणार नाहीं.

दुसरा बदल सोबतीचा. ‘परभणीला कोण चाललें आहे?’ असें आदल्या रात्रीं विचारून ठेवण्याची रीत पुन्हा सुरू झाली. पूर्वीं मागें बसणारा आभार मानून उतरत असे. आतां तो उतरतांना अर्ध्या पेट्रोलचे पैसे पुढें करतो. प्रथम प्रथम चालविणारा ते घेण्यास लाजे. २०२२ नंतर ती लाज कमी झाली. या छोट्या गोष्टींत मला एक मोठा बदल दिसतो. कोणाला वाटेंत बसवून घेणें हा पूर्वीं शेजारधर्म होता. तो आतां अर्धा शेजारधर्म आणि अर्धा व्यवहार झाला आहे.

तिसरा बदल पायांचा. येथें मात्र आमची एक विसंगति मला नमूद केली पाहिजे. गंगाखेड हें संत जनाबाईंचें गांव. हें गांव गोदावरीच्या कांठीं आहे. येथून पंढरपूर दोनशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेथवर पायीं जाण्यांत आम्ही भूषण मानतों, आणि जो वारी करून आला त्याच्या पायां पडतों. परंतु तोच मनुष्य घरापासून अर्ध्या मैलावरच्या मोंढ्यांत पायीं निघाला, तर वाटेंत चौघेजण थांबून विचारतात, ‘काय हो, गाडी बिघडली काय?’ पंढरीची वाट पायीं चालणें हें पुण्य, आणि बाजाराची वाट पायीं चालणें हें दारिद्र्य, अशी आमची समजूत होऊन बसली होती. भाववाढीनें ही समजूत थोडी सैल केली. आतां सकाळीं पायीं जाणारा ‘डॉक्टरनीं सांगितलें आहे’ असें म्हणून वेळ मारून नेतो. डॉक्टरनीं सांगितलें असेलही. पण अर्धा सल्ला पंपावरच्या पाटीचा असतो, हें उभयतां जाणून असतात.

येथवर मीं ज्या गोष्टी सांगितल्या त्या ऐकून कोणी म्हणेल, कीं मग भाव वाढले हें चांगलेंच झालें; लोक काटकसरी झाले, चालूं लागले, एकत्र जाऊं लागले. शहरांतील विद्वान् असें म्हणतातही. परंतु त्यांच्या दारावरून बस जाते आणि लोकल जाते. ज्याला दुसरें वाहन आहे त्याला भाववाढ संवय बदलण्यास शिकविते. ज्याला दुसरें वाहन नाहीं त्याची ती नुसती अडवणूक करते. हा भेद आम्हीं त्याच वर्षीं प्रत्यक्ष अनुभविला.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्यें एस.टी.चें भाडें सुमारें १७ टक्क्यांनीं वाढलें आणि लगेच नोव्हेंबरपासून कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. कर्मचाऱ्यांच्या मागण्यांचा न्यायअन्याय ठरविणें हा आजचा विषय नव्हे. परंतु ज्या महिन्यांत पेट्रोल सर्वांत महाग झालें, त्याच महिन्यांत खेड्यांतली लाल गाडी बंद होती. रेल्वेचीही तीच कथा. गंगाखेड हें परभणी-परळी मार्गावरील स्टेशन. २०२० च्या मार्चमध्यें बंद झालेल्या पॅसेंजर गाड्या पुढें सुरू झाल्या त्या एक्स्प्रेसच्या नांवानें. डबे तेच, वेगही जवळजवळ तोच, पण दहा रुपयांचें किमान तिकीट तीस रुपयांचें झालें. तें पुन्हा दहावर आलें २०२४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीस. तेव्हां त्या काळीं खेड्यांतून तालुक्याच्या कॉलेजांत येणाऱ्या मुलीपुढें तीनच वाटा होत्या: माणसांनीं ठासलेली काळीपिवळी जीप, बापाची दुचाकी, किंवा घर. कित्येक घरांनीं तिसरी वाट निवडली. काटकसर या शब्दाखालीं अशा गोष्टी झांकल्या जातात, म्हणून त्या उघड करून सांगितल्या पाहिजेत.

पुढें १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.चें तिकीट अर्ध्या दरांत मिळूं लागलें, आणि माहेरीं जाणाऱ्या बायकांनीं गाड्या भरून गेल्या. घरधन्याची दुचाकी अंगणांत आणि घरधनीण एस.टी.च्या खिडकीशीं, हें दृश्य आमच्याकडे नवें होतें. पुष्कळ बायकांना आयुष्यांत प्रथमच, कोणी नेऊन सोडील याची वाट न पाहतां बाहेर पडतां आलें. माणसें गाडी सोडावयास तयार असतात. त्यांना दुसरी गाडी दिसली पाहिजे, एवढेंच यावरून सिद्ध होतें.

शेतकऱ्याची गोष्ट याहून निराळी. दुचाकीची फेरी टाळतां येते. नांगरट टाळतां येत नाहीं. आमच्या शिवारांतील बैल एकामागून एक विकले गेले आणि त्यांची जागा भाड्याच्या ट्रॅक्टरनें घेतली. डिझेल वाढलें कीं ट्रॅक्टरवाला आपला दर वाढवितो. त्याचाही इलाज नसतो. पण सोयाबीनचा किंवा कापसाचा भाव कांहीं शेतकऱ्याला डिझेल पाहून ठरवितां येत नाहीं. आणि बैल पुन्हा घ्यावे म्हटलें, तर त्यांची किंमत, कडबा आणि त्यांच्यामागें राबणारा गडी हीं तिन्ही आतां हाताबाहेर गेलीं आहेत. विजेवर चालणाऱ्या दुचाक्या आतां आमच्याही गांवांत दिसूं लागल्या आहेत आणि त्यांचा रोजचा खर्च थोडा आहे हें खरें. पण ज्याच्यापाशीं एकदम लाख रुपये आहेत, त्यालाच तो थोडा खर्च करतां येतो.

आमच्या वडील मंडळींनीं याहून मोठी टंचाई पाहिली होती. आमचा मुलूख तेव्हां निजामाच्या राज्यांत होता. त्या राज्यांत रेल्वे खात्यानें १९३२ च्या जूनमध्यें सत्तावीस मोटारी घेऊन प्रवासी वाहतूक सुरू केली होती. दुसऱ्या महायुद्धांत देशभर पेट्रोलवर नियंत्रण आलें आणि पुष्कळ मोटारींच्या पाठीशीं कोळशाच्या भट्ट्या बसविण्यांत आल्या. कोळसा पेटवावा, त्याचा वायु तयार होईपर्यंत उतारूंनीं वाट पाहावी, आणि चढ लागला कीं खालीं उतरून गाडी ढकलावी, असा तो प्रवास असे. त्या काळाचें गुणगान मला करावयाचें नाहीं. त्यांतही वशिले होते आणि काळाबाजार होता. परंतु त्या टंचाईचें एक तत्त्व होतें. पेट्रोल कुपनावर मिळे, आणि कुपन देणारा निदान विचारी, ‘तुमचें काम काय?’ आजची महागाई तसें विचारीत नाहीं. ती विचारते, ‘तुमच्यापाशीं किती आहेत?’ रुग्णाला परभणीच्या इस्पितळांत नेणारा आणि मित्रांसह धाब्यावर जेवावयास जाणारा, दोघांनाही एकच भाव. त्यांतला दुसरा जातोच. पहिला मात्र ‘उद्यां सकाळपर्यंत पाहूं’ असें म्हणतो.

आतां शेवटची गोष्ट, आणि ती माझ्या घरची आहे. माझी थोरली बहीण येथून बारा किलोमीटरवरच्या खेड्यांत राहते. आम्ही तिला अक्का म्हणतों. सायंकाळीं हुक्की आली कीं गाडी काढावी, अक्काकडे जावें, चहा घ्यावा, ओट्यावर बसावें आणि दिवेलागणीनंतर परतावें, असा माझा कित्येक वर्षांचा परिपाठ होता. तो मोडला केव्हां हें मला सांगतां येणार नाहीं. एके दिवशीं ‘आज राहूं दे, शनिवारीं तिकडे काम आहेच’ असें म्हटलें. शनिवारचें काम फोनवर झालें. मग सणाला जाऊं असें ठरलें. फोनवर बोलणें होत होतें, म्हणून आंत कांहीं तुटत आहे असें वाटलें नाहीं.

तीन महिन्यांनीं मी गेलों तेव्हां ती दारांत उभी होती. पहिल्यापेक्षां बरीच वाळलेली दिसली. मला पाहून तिला आनंद झाला, पण तिच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा: “का रे, आज कसा काय आलास? काही काम काढलंस का इकडं?”

श्रोतेहो, या प्रश्नानें मला जेवढें वाईट वाटलें तेवढें पंपावरच्या कोणत्याही पाटीनें वाटलें नव्हतें. भावानें भावाच्या घरीं, भावानें बहिणीच्या घरीं काम असेल तरच जावयाचें, हें तिनें गृहीत धरलें होतें, आणि तें मींच तिला शिकविलें होतें. दोन महिन्यांपासून तिला बारीक ताप येत होता. फोनवर ती तें बोलली नव्हती. ‘तू उगीच पेट्रोल जाळून येशील’ म्हणून बोलली नव्हती. पुढें औषधपाणी झालें, ती बरीही झाली. पण तिच्या घरच्या ओट्यावर बसलों असतां मीं मनाशीं हिशेब केला, तो असा: येथवर येऊन परत जाण्यास अर्धा लिटरही पेट्रोल लागत नाहीं. तीन महिन्यांत सहा वेळां आलों असतों, तरी फार तर साडेतीनशें रुपये झाले असते. तेवढे पैसे मीं खरोखर वाचविले होते काय? नाहीं. ते दुसरीकडे कोठें तरी गेले होते, आणि कोठें गेले हें मला आठवतही नव्हतें.

तेव्हांपासून माझें मत असें झालें आहे, कीं महागाई गाडी थांबवीत नाहीं, ती आधीं भेटी थांबविते. कचेरीची फेरी राहते, बाजाराची राहते, दवाखान्याची रडतखडत का होईना राहते. कारण त्यांना ‘काम’ म्हणतां येतें. जी फेरी निवळ माणसासाठीं असते, तिच्या बाजूनें सांगण्यासारखें कारण आपल्यापाशीं नसतें, म्हणून तिचा बळी पहिला जातो. आणि ती गेली हें कोणत्याही हिशेबाच्या वहींत दिसत नाहीं.

म्हणून माझी आपणांस विनंति एवढीच. कामें एकत्र करा, मोंढ्यांत पायीं जा, शेजाऱ्याला मागें बसवा. या गोष्टी भाव उतरला तरी सोडूं नका. एस.टी. आणि पॅसेंजर वेळेवर यावी म्हणून जेथें बोलावयाचें तेथें अवश्य बोला. कारण ती नसेल तर गरिबाला काटकसरीचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाच राहत नाहीं. पण महिन्याच्या खर्चाची यादी करतांना, मीठमिरचीच्या खालीं एक ओळ मोकळी ठेवा, आणि तेथें लिहा: ‘अक्काकडे जाण्याचें पेट्रोल’. मी ती लिहितों. परवांच तिकडे गेलों होतों. तिनें आतां काय काम काढलें म्हणून विचारलें नाहीं. ‘हात-पाय धू, चहा ठेवते’ एवढेंच म्हणाली.